निकाल आणि न्याय

आमच्या घराला खेळाचे वेड आहे, हे आम्ही प्रारंभीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढील मजकूर वाचताना सुज्ञ वाचकांस आमच्या पक्षपाताची कल्पना आधीच असेल. आमचे बालपण कोल्हापुरास गेले. 'तालीम' हा शब्द उच्चारताच परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तांबडी माती आणि शड्डू ठोकणारे मल्ल उभे राहतात; कोल्हापूरकरास मात्र त्याच शब्दाने फुटबॉलचा संघही आठवतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे जशी तालमींची, तशीच शाहू स्टेडियमवर चेंडूमागे धावणाऱ्या संघांचीही. अंगाची झुंज आणि चेंडूची झुंज या दोन सख्ख्या बहिणी आहेत, हा संस्कार त्यामुळे आमच्या मनावर लहानपणीच झाला, आणि पुढे पुण्यास बिऱ्हाड केल्यावरही तो पुसला गेला नाही.

या दोघी बहिणी एकाच वेळी आमच्या घरी पाहुण्या म्हणून आल्या त्या सन २०२२ च्या डिसेंबरात. शुक्रवार ता. ९ आणि शनिवार ता. १० या दिवशी कतार देशात जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीचे चार सामने झाले. कतारचे घड्याळ आपल्याहून अडीच तास मागे. म्हणून रोज पहिला सामना रात्री साडेआठास, आणि दुसरा मध्यरात्रीनंतर साडेबारास. रविवारी सकाळी आपल्याकडे चहा चालू असताना अमेरिकेतील लास व्हेगास शहरी शनिवारची रात्रच होती, आणि तेथे 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' या द्वंद्वप्रकारातील जगज्जेतेपदाची लढत व्हावयाची होती. ज्या वाचकांस हा प्रकार परिचित नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मुष्टियुद्धातील ठोसे, थायलंडी पद्धतीच्या लाथा, कुस्तीतील पट आणि कब्जा, जुजुत्सूतील गळा आवळण्याचे व सांधे पिळण्याचे डाव, हे सारे यात एकाच लढतीत चालते. अष्टकोनी जाळीच्या आत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात. जेतेपदाची लढत असेल तर पाच. एकजण निचेष्ट पडला, त्याने हाताने थाप मारून हार कबूल केली, किंवा मध्यस्थाने लढत थांबविली, तर निकाल तेथेच लागतो. नाही तर तीन बाजूंस बसलेले तीन पंच फेरीगणिक जे गुण देतात, त्यांवर तो ठरतो.

आमचे वडील बंधू अण्णा हे वकील. फुटबॉलवर त्यांची आमच्याइतकीच भक्ती. परंतु या दुसऱ्या बहिणीस ते उंबरठ्याच्या आत घेण्यास तयार नव्हते. "चेंडूचा खेळ हवा तितका बघा," ते म्हणाले, "पण माणसांनी माणसांस बडविण्याचा तमाशा मुलांदेखत दिवाणखान्यात नको."

'मुलांदेखत' म्हणजे मुख्यतः आमच्या तेरा वर्षांच्या पुतण्यादेखत. येथे घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. त्या सुमारास एका स्पर्धापरीक्षेचा निकाल लागला होता, आणि आमचा पुतण्या एका गुणाने यादीबाहेर राहिला होता. अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते "एका गुणाने!" एवढेच म्हणाले, आणि पुढील तीन आठवडे बापलेकांचे बोलणे "जेवायला चल" यापलीकडे गेले नाही. आम्ही तरी काय केले? "एक गुण म्हणजे काही थोडका नव्हे," असे त्या पोरास आम्हीही ऐकविले. काका या नात्याने आपण कर्तव्य केले, अशी तेव्हा आमची समजूत होती.

शुक्रवारी रात्री ब्राझील आणि क्रोएशिया यांचा सामना सुरू झाला तेव्हा सारे घर एका सतरंजीवर होते. नियमित वेळेत गोल झाला नाही. जादा वेळेच्या पहिल्या सत्राच्या अगदी अखेरीस नेमारने असा सुरेख गोल केला की, अण्णांनी आपला चष्मा हातात घेऊन वर उडविला. परंतु ११७ व्या मिनिटास क्रोएशियाच्या पेटकोविचने बरोबरी साधली, आणि निकाल पेनल्टींवर गेला. ब्राझीलच्या पहिल्याच, रोद्रिगोच्या, पेनल्टीस क्रोएशियाचा गोलरक्षक लिव्हाकोविच याने अडविले. चौथी मार्किन्योस याने मारली, ती खांबावर आदळली, आणि ४-२ असा सामना संपला. नेमारची पाळी पाचवी होती, आणि ती आलीच नाही. मार्किन्योस गुडघ्यांवर बसलेला दिसत होता. आमच्या पुतण्याने तेव्हा विचारले, "काका, तो इतका वेळ चांगलाच खेळला ना?"

"उत्तम खेळला."

"मग ते दोन तास कुठे गेले?"

यावर आम्ही त्यास पेनल्टीचा इतिहास सांगू लागलो. कारण उत्तर नसले की इतिहास सांगावा, ही मोठ्या माणसांची जुनी युक्ती होय. पूर्वी बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला तर तो पुन्हा खेळीत, आणि तितकी सवड नसेल तर चिठ्ठ्या टाकीत किंवा नाणे उडवीत. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत रशिया यांच्या उपान्त्य सामन्यात गोल झाला नाही, तेव्हा इटली अंतिम सामन्यात गेली ती नाण्याच्या बळावर. त्याच वर्षीच्या ऑलिम्पिकमध्ये इस्रायलचा संघ चिठ्ठीने बाहेर पडला. तेथील योसेफ डगान या गृहस्थांस हे इतके लागले की, दैवापेक्षा पेनल्टी बरी, निदान तीत खेळाडूचा पाय तरी असतो, असा विचार त्यांनी पुढे मांडला. आणि १९७० साली खेळाचे नियम करणाऱ्या मंडळाने ती पद्धत स्वीकारली. म्हणजे आज ज्या पद्धतीस आपण क्रूर म्हणतो, ती जन्मली न्यायाच्या इच्छेतूनच. मुलाने सारे ऐकून घेतले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर यात नव्हते, हे त्यासही कळले आणि आम्हासही.

मध्यरात्रीनंतर अर्जेंटिना आणि नेदरलंड्स यांचा सामना झाला. अर्जेंटिना २-० अशी पुढे होती. पण बदली म्हणून आलेल्या वेगहोर्स्टने ८३ व्या मिनिटास एक, आणि भरपाईच्या अकराव्या मिनिटास, फ्री किकच्या एका चतुर युक्तीतून, दुसरा गोल केला. पुन्हा पेनल्टी. अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ याने पहिल्या दोन्ही अडविल्या, आणि अखेरची लाउतारो मार्टिनेझने घातली. जिंकताक्षणी अर्जेंटिनाचे कित्येक खेळाडू आपल्या सोबत्याकडे धावण्याआधी खचलेल्या डच खेळाडूंकडे वळले आणि कानांशी हात नेऊन त्यांस वेडावू लागले. सामना चिडाचिडीचा झाला होता, चिथावणी दोन्हीकडून होती, हे खरे, तरी पहाटे तीन वाजता चहाची भांडी उचलीत असलेल्या आमच्या वहिनी म्हणाल्या, "जिंकायचे ते जिंकले. आता त्यांच्या तोंडावर कशाला?" पुतण्या काही बोलला नाही. ज्या दिवशी यादी लागली त्या दिवशी शेजारच्या बिऱ्हाडात पेढे वाटले होते, हे आम्हास तेव्हा आठवले.

शनिवारची रात्र मातोश्रींची ठरली. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. फुटबॉलचे नियम त्यांस ठाऊक नाहीत, पण माणसे ठाऊक आहेत. मोरोक्कोने पोर्तुगालचा १-० असा पराभव केला. गोल एन-नेसिरीचा, ४२ व्या मिनिटास, उंच उडी घेऊन डोक्याने मारलेला. जागतिक स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत पोहोचलेला आफ्रिका खंडातील हा पहिलाच संघ. सामन्यानंतर सोफियान बुफाल हा खेळाडू आपल्या आईचे हात धरून मैदानावर तिच्यासह नाचू लागला. डोक्याला रुमाल बांधलेली ती माउली लाजत होती, हसत होती, आणि नाचतही होती. मातोश्रींनी एकवार डोळ्यांस पदर लावला. मग म्हणाल्या, "हरला असता तरी ती तिथेच उभी असती." खेळावरचे इतके नेमके भाष्य आम्ही त्या आठवड्यात दुसरे ऐकले नाही.

नंतरच्या सामन्यास आम्ही, अण्णा आणि पुतण्या एवढेच जागे राहिलो. इंग्लंडविरुद्ध फ्रान्स. इंग्लंडचा कर्णधार हॅरी केन याने ५४ व्या मिनिटास पेनल्टीवर बरोबरी साधली, आणि आपल्या देशासाठी सर्वाधिक गोल करणाऱ्या वेन रूनीच्या ५३ गोलांशीही बरोबरी केली. ७८ व्या मिनिटास जिरूने फ्रान्सला पुन्हा आघाडी मिळवून दिली. ८४ व्या मिनिटास केनपुढे पुन्हा तोच चेंडू, तीच जागा, आणि गोलात तोच लोरिस, जो टॉटनहॅम क्लबात त्याचा सोबती. चेंडू आडव्या दांड्यावरून प्रेक्षकांत गेला. इंग्लंड १-२ असे हरले. केनने सदऱ्याची गळपट्टी दातांत धरली होती. अण्णा हळूच "अरेरे" म्हणाले, आणि आमच्या पुतण्याने, कोणाकडेही न पाहता, म्हटले, "पहिली त्यानेच घातली होती." अण्णांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले. परंतु रात्र फार झाली होती. दिवा मालवून आम्ही निजलो.

रविवारी सकाळी मातोश्रींनी निवाडा दिला. "मी लग्न होऊन कोल्हापुरास आले तेव्हा घरातले सगळे पुरुष कुस्त्या बघायला जात. कुणी बिघडले नाही. पोराला बघू दे. मी शेजारी बसते." अण्णा काही न बोलता वर्तमानपत्र घेऊन कोपऱ्यातील खुर्चीवर जाऊन बसले. मातोश्रींचा पहिला प्रश्न, "ह्यांना आवरणारा कोण आहे?" असा होता. काळ्या सदऱ्यातील मध्यस्थ दाखविल्यावर, आणि ज्यास सोसवत नाही त्याने नुसती थाप मारली तरी लढत तत्क्षणी थांबते असे सांगितल्यावर, "मग बरे आहे," म्हणून त्यांनी जपमाळ काढली.

अण्णांच्या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. डोक्यावर वारंवार बसलेले ठोसे मेंदूस कायमची इजा करतात, ही गोष्ट वैद्यकाने सिद्ध केली आहे. आणि आपल्या मुलाने हा व्यवसाय धरावा असे आम्हास मुळीच वाटणार नाही. पण फुटबॉल तरी सर्वस्वी निरुपद्रवी कोठे आहे? २०२० साली इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथील फुटबॉल-संघटनांनी, प्राथमिक शाळेतील मुलांस सरावात डोक्याने चेंडू मारावयास लावू नये, असे ठरविले, ते याच चिंतेने. शिवाय थाप मारून 'आता पुरे' म्हणण्याचा जो अधिकार त्या अष्टकोनात आहे, तो केनला नव्हता. पेनल्टीच्या ठिपक्यापाशी उभ्या असलेल्या माणसास थाप मारता येत नाही. परीक्षेच्या यादीपुढे उभ्या असलेल्या मुलासही नाही.

मुख्य लढतीच्या आधीची लढत लिव्हरपूलचा पॅडी पिम्ब्लेट आणि अमेरिकेचा जॅरेड गॉर्डन यांची होती. तीन फेऱ्या संपल्या तेव्हा आमच्या मते, आणि अनेक जाणत्या वार्ताहरांच्याही मते, गॉर्डनची सरशी होती. परंतु तिन्ही पंचांनी २९-२८ असा कौल पिम्ब्लेटला दिला. पुतण्या चिडला. त्यास आम्ही पुन्हा इतिहासच सांगितला, पण या वेळी थोडा. हा खेळ यूएफसी या नावाने अमेरिकेतील डेन्व्हर शहरी १९९३ साली सुरू झाला, तेव्हा त्यास ना वेळेची मर्यादा होती, ना गुण देणारे पंच. एकजण हरेपर्यंत लढावयाचे, एवढाच कायदा. १९९५ साली रॉयस ग्रेसी आणि केन शॅमरॉक हे दोघे ३६ मिनिटे एकमेकांस धरून राहिले आणि निकाल लागलाच नाही. त्यानंतर लवकरच पंच आले. म्हणजे फुटबॉलने दैवाच्या हातून निकाल काढून पायांस दिला, आणि या खेळाने तो देहाच्या हातून काढून माणसाच्या नजरेस दिला. दोन्हीकडे हेतू चांगला. आणि दोन्हीकडे कोणीतरी एकजण, 'माझे दोन तास कुठे गेले?' असे विचारीत उभा.

मग मुख्य लढत. पोलंडचा यान ब्लाखोविच, वय ३९. दागेस्तानचा मागोमेद अंकालायेव, वय ३०. वजनाची मर्यादा सुमारे ९३ किलो. आधीचा जेता खांद्याच्या दुखापतीमुळे पट्टा सोडून गेला होता, म्हणून जो जिंकेल तो जगज्जेता. प्रारंभीच्या फेऱ्यांत ब्लाखोविचने पोटरीवर अशा लाथा मारल्या की, अंकालायेवला पाय टेकणे कठीण झाले. तो लंगडू लागला. परंतु अखेरच्या दोन फेऱ्यांत त्याच लंगड्या पायाने पुढे येऊन त्याने ब्लाखोविचला खाली घेतले, आणि वर कब्जा ठेवून ठोसे घातले. पंचवीस मिनिटे संपली. निकाल वाचला गेला: एका पंचाने ४८-४७ असा ब्लाखोविचला, दुसऱ्याने ४८-४६ असा अंकालायेवला, आणि तिसऱ्याने ४७-४७. लढत बरोबरीत; पट्टा कोणासच नाही.

वर्तमानपत्र केव्हाच खाली आले होते. अण्णांनी विचारले, "तिघेही एकच लढत बघत होते ना?"

"होय अण्णा," आम्ही म्हणालो, "पण तीन बाजूंनी."

अण्णांनी आयुष्यभर न्यायालयात काढली आहेत. ते गप्प राहिले. इतक्यात ब्लाखोविचच्या तोंडापुढे ध्वनिक्षेपक आला, आणि पट्टा अंकालायेवला द्यावा असे तो म्हणाला. अंकालायेव मात्र संतापाने, या संस्थेकडून पुन्हा लढावे की नाही, असे बोलून गेला. आमच्या लहानपणी दोन तुल्यबळ मल्लांची कुस्ती बरोबरीत सोडवीत तेव्हा इनाम दोघांत वाटून देत. येथे दोघेही रिकाम्या हातांनी परतले. परंतु ज्यास मुकुटाचा मोह सर्वांत अधिक असावयाचा, त्याच ३९ वर्षांच्या मनुष्याने, पंचांनी जे दिले नाही ते प्रतिस्पर्ध्यास आपल्या तोंडाने दिले.

"स्वतःचा पेपर स्वतः तपासून गुण कमी करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला," अण्णा म्हणाले. मग काही वेळाने, आमच्याकडे न पाहता, मुलास म्हणाले, "तुझी ती प्रश्नपत्रिका आहे का रे अजून? आण बघू."

मुलाचा चेहरा उतरला. मातोश्रींची माळ थांबली. प्रश्नपत्रिका आली. बापलेक जेवणाच्या मेजापाशी बसले, आणि चुकलेल्या प्रश्नांपासून नव्हे, तर पहिल्या प्रश्नापासून अण्णांनी वाचावयास प्रारंभ केला. "हे तुला आले? हे कसे केलेस?" असे विचारीत विचारीत ते सर्व कागद वाचून गेले. भूमितीच्या एका प्रश्नापाशी त्यांनी बराच वेळ डोके खाजविले आणि अखेर, "हा मला सुटला नसता," असे मोठ्याने सांगितले. तीन आठवड्यांनंतर त्या मेजावर प्रथमच हसणे ऐकू आले. जेवणाची वाढणी अर्धा तास थांबवून ठेवणाऱ्या आमच्या वहिनींस त्या दिवशी कोणी घाई केली नाही.

निकालावाचून जगाचे चालत नाही, हे आम्ही जाणतो. प्रेक्षकांस घरी जावयाचे असते, पट्टा कोणाच्या तरी कमरेस बांधावयाचा असतो, शाळेतील जागा मोजक्याच असतात. म्हणून कोठे तरी रेघ ओढावी लागते, आणि ती ओढणाऱ्याची आम्ही निंदा करीत नाही. परंतु रेघेच्या त्या बाजूस राहिलेल्या माणसाने दोन तास काय केले, याची नोंद मैदान ठेवीत नाही, पंच ठेवीत नाहीत, यादी तर नाहीच नाही. ती नोंद ठेवण्याचे काम घराचे आहे. बुफालच्या आईविषयी मातोश्री जे बोलल्या त्याचा अर्थ इतकाच. आणि तो आम्हा दोघा शिकलेल्या भावांस त्या पोराच्या बाबतीत तीन आठवडे कळला नव्हता.

पुढचे थोडक्यात. त्याच महिन्याच्या १८ तारखेस अर्जेंटिनाने फ्रान्सशी ३-३ अशी बरोबरी करून पेनल्टींवरच जागतिक चषक जिंकला. हॅरी केनला पदरात मोठे विजेतेपद पडावयास २०२५ चा मे महिना उजाडावा लागला, आणि तेही जर्मनीतील बायर्न म्युनिक क्लबाकडून. अंकालायेवने २०२५ च्या मार्चमध्ये तो पट्टा मिळविला, पुन्हा पंचांच्याच कौलाने, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पहिल्याच फेरीत गमावलाही. मार्किन्योसची ती पेनल्टी मात्र खांबावरच राहिली. तिची भरपाई काही झाली नाही, आणि सर्वच गोष्टींची होते असे मुलांस सांगणे खोटेपणाचे होईल.

राहता राहिलो आम्ही. त्या रविवारी संध्याकाळी पुतण्यास घेऊन फिरावयास गेलो असता, "एक गुण म्हणजे काही थोडका नव्हे" हे आपले वाक्य आम्ही परत घेतले. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "थोडका नाहीच काका. पण बाकीचेही थोडके नव्हते." आम्ही त्यास पूर्ण गुण दिले.